मत दिल्यावर पुढची पाच वर्षं मतदाराच्या हातात काय असतं?

प्रश्न
कचेरीसमोरचा दुकानदार, डिचोली तालुका, गोवा

नमस्कार. माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, तालुक्याच्या एका सरकारी कचेरीसमोर. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, एक-चौदाचे जमिनीचे उतारे, पंधरा वर्षांच्या रहिवासी दाखल्याची कागदपत्रं, सगळं माझ्या टेबलावरून आत जातं. माणूस कचेरीत शिरण्याआधी माझ्याकडे येतो आणि बाहेर आल्यावर पुन्हा माझ्याकडेच थांबतो, कारण बसायला बाक माझ्या दुकानापुढे आहे. आत काय घडलं ते मला विचारावं लागत नाही.

आमच्या भागातल्या एक वयस्क बाई आहेत. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत सासऱ्याच्या काळापासूनचं घर. मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) म्हणून नोंद व्हावी यासाठी नवऱ्याने अर्ज केला होता. तो वारला, आता या येतात. मुंडकार कायदा १९७५ चा, शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री होत्या तेव्हाचा. पन्नास वर्षं झाली आणि अजून तारखा पडताहेत. कधी समोरची बाजू आली नाही, कधी साहेब निवडणुकीच्या कामाला, कधी फाइल दुसऱ्या टेबलावर. "फाल्यां यो, बाये." (उद्या ये, बाई.) मग एक दिवस आवारात घुटमळणाऱ्या एका माणसाने त्यांना बाजूला घेतलं आणि आकडा सांगितला. हा माणूस कुठल्या हजेरीपटावर नाही, पण त्याला सगळ्या तारखा पाठ असतात. पुढच्या तारखेला निकाल लावून देतो म्हणाला. खुर्चीवरचा कोणी एका शब्दाने काही मागत नाही, हे लक्षात घ्या. बाई माझ्याकडे येऊन विचारतात, "दिऊं काय रे पुता?" देऊ नका म्हटलं तर त्यांच्या हयातीत घर नावावर होईल याची हमी मी कशाच्या जोरावर देणार? आणि द्या म्हणायला माझी जीभ वळत नाही.

दुसरी गोष्ट एका ओळखीच्या गृहस्थांची. मुलगी बी. कॉम. झाली, हुशार आहे. एलडीसीच्या, म्हणजे कनिष्ठ कारकुनाच्या, जागेसाठी "आपला माणूस आहे वर" असं सांगत कोणीतरी घरी येऊन गेलं. काही लाखांची मागणी आहे. ते काजूची बाग विकायला निघालेत. २०२४ च्या शेवटी सरकारी नोकरीच्या नावाने लाखो रुपये उकळणाऱ्यांना पोलिसांनी एकामागून एक पकडलं, महिनाभर वर्तमानपत्रांत दुसरी बातमी नव्हती, हे त्यांनाही माहीत आहे. तरी ते मला म्हणतात, "पकडले ते खोटे होते, माझा खरा आहे." लोक भोळे आहेत म्हणून हे होत नाही. पैसे दिल्याशिवाय नोकरी मिळतच नाही ही खात्री त्यांच्या मनात पक्की बसली आहे, आणि ती बसायला वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव लागला आहे.

आता माझ्या बाकावर चर्चा कसली चालते? दिल्लीची. ईडीने कोणावर धाड घातली, कोण कुठल्या पक्षात गेला, मोदी की राहुल. मीही त्यात असतो आणि तो राग खोटा नाही. २०११ च्या ऑगस्टमध्ये अण्णा रामलीला मैदानावर उपोषणाला बसले तेव्हा आम्ही डिचोलीच्या बाजारात मेणबत्त्या घेऊन उभे होतो. लोकपालाचा कायदा २०१४ च्या जानेवारीत झाला आणि पहिला लोकपाल नेमायला २०१९ चा मार्च उजाडला. पाच वर्षं खुर्ची रिकामी, आणि ती रिकामी ठेवणारे तेच, ज्यांनी भ्रष्टाचार संपवतो म्हणून मतं घेतली. मग निवडणूक रोखे आले. कोणी कोणाला किती दिले ते आम्हाला कळू नये अशी योजनाच होती. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला ती घटनाबाह्य ठरवली, तेव्हा कुठे यादी बाहेर आली. ती पाहताना मला वाटलं, आमच्या बाईंकडे आकडा सांगायला येणारा माणूस आणि हा कारभार एकाच घरातले आहेत.

खाणींचंही तसंच. न्या. शहा आयोगाने २०१२ मध्ये गोव्यातल्या बेकायदा खाणकामाचं नुकसान सुमारे ३५ हजार कोटी सांगितलं. आकड्यावर वाद झाले, होऊ देत. पण खाणी बंद पडल्यावर ट्रकांच्या कर्जाचे हप्ते आमच्या गावातल्या पोरांनी भरले. त्या पोरांनी कुठलीही लीज घेतली नव्हती.

आणि ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसलो ते शेवटी सांगतो. २०१७ ला काँग्रेसचे १७ निवडून आले, सरकार १३ वाल्या भाजपने बनवलं. २०१९ च्या जुलैत काँग्रेसच्या उरलेल्या १५ पैकी १० जण भाजपमध्ये गेले. २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीच्या महालक्ष्मीपुढे, बांबोळीच्या खुरसापुढे (क्रॉसपुढे) आणि बेतीच्या दर्ग्यात शपथ घेतली की पक्ष सोडणार नाही. निवडून आले ११. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला त्यांतले ८ भाजपमध्ये गेले. माझी आई कुठल्याच पक्षाची नाही. ती त्या दिवशी जेवली नाही. देवासमोर हात ठेवून सांगितलेलं मोडलं, याचं तिला जे वाटलं ते मी इथे लिहू शकत नाही.

२०२७ च्या सुरुवातीला पुन्हा निवडणूक आहे. पुन्हा रांगेत उभा राहीन. पण मत दिल्यानंतर आणि पुढचं मत देईपर्यंत, मधल्या पाच वर्षांत, मतदाराच्या हातात कायद्याने काही आहे का? आमदाराला परत बोलावता येतं का? बाईंनी आणि त्या मुलीच्या वडिलांनी नेमकं काय करायचं? "जागरूक नागरिक बना" असलं उत्तर नको. माझ्या टेबलावरून आत जाईल असा कागद सांगा.

उत्तर १
वकील, पणजी

दादा, तुमच्या प्रश्नात तीन-चार प्रश्न आहेत. आधी वाईट बातमी देतो.

आमदार किंवा खासदार परत बोलावण्याची सोय आपल्या कायद्यात नाही. काही राज्यांत नगरपालिका-पंचायत पातळीवर तसं काही आहे, विधानसभेला कुठेच नाही.

पक्षांतराचं गणित समजून घ्या, म्हणजे १० आणि ८ हे आकडे कुठून आले ते कळेल. पक्षांतरबंदी १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आली. त्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर "फूट" मानून सूट होती. ती पळवाट २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने काढून टाकली. पण "विलीनीकरणा"ची राहिली, तिला दोन तृतीयांश लागतात. १५ चे दोन तृतीयांश बरोबर १०. ११ चे दोन तृतीयांश सात पूर्णांक काहीतरी, म्हणजे कमीत कमी ८. दोन्ही वेळा जेवढे हवेत तेवढेच गेले. उत्तर प्रदेशात एवढ्यासाठी शंभरेक माणसं जमवावी लागतील. आपल्या ४० जणांच्या सभागृहात एका जेवणाच्या टेबलावर बसतील एवढी पुरतात. हा कायदा लहान राज्यांत सर्वांत आधी का कोसळतो, याचं उत्तर एवढंच आहे.

त्या दहा जणांविरुद्धच्या याचिका सभापतींनी एप्रिल २०२१ मध्ये फेटाळल्या, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी. उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये, मतमोजणीला थोडे दिवस उरले असताना, सभापतींचा निर्णय कायम ठेवला. अशा याचिका सभापतींनी साधारण तीन महिन्यांत निकालात काढाव्यात असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं होतं. तेलंगणाच्या प्रकरणात ३१ जुलै २०२५ ला त्यांनी पुन्हा तीन महिन्यांची मुदत दिली आणि हे काम सभापतींकडेच ठेवावं का याचा विचार संसदेने करावा असंही सुचवलं. संसदेने तो अजून केलेला नाही. सत्तेत कोणीही असो, त्या पळवाटेची गरज प्रत्येकाला लागते. काँग्रेसने आपल्या काळात हेच केलं. गोव्यात १९९० नंतरच्या दहा वर्षांत सरकारं कशी पडत होती ते तुमच्या वयाच्या माणसाला सांगायला नको.

आता त्या मुलीच्या वडिलांसाठी. त्यांना आजच थांबवा. लाचलुचपत प्रतिबंधक कायदा २०१८ मध्ये बदलला, त्यानंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे, सात वर्षांपर्यंत कैद. जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवलं, तरच सुटका. देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला (एसीबी) कळवून त्यांच्या सांगण्याप्रमाणे दिले तर गुन्हा नाही. "वर माझा माणूस आहे" म्हणून पैसे घेणाऱ्या मधल्या माणसालाही त्याच कायद्याचं कलम ७अ लागतं, तीन ते सात वर्षं. आणि तो नुसताच ठक निघाला तर फसवणुकीचा गुन्हा आहेच. म्हणजे बाग विकून ते नोकरी विकत घेत नाहीत, स्वतःविरुद्धचा पुरावा विकत घेताहेत. पैसे परत मागायला गेले तर आधी कबूल करावं लागेल की दिले होते. म्हणूनच लोक तक्रार करत नाहीत आणि ते लोक दुसऱ्या घरी जातात.

बाईंना द्यायचं उत्तर जास्त सोपं आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२: कुठल्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज. त्या वकिलाने पहिलं काम करायचं ते मामलेदाराकडून रोजनाम्याची प्रमाणित प्रत मागायची. कुठल्या तारखेला काय झालं, कोण हजर होतं, सुनावणी कोणाच्या कारणाने तहकूब झाली, सगळं त्यात असतं. तो रोजनामा जोडून पर्वरीला उच्च न्यायालयात गेलं, तर ठराविक मुदतीत निकाल द्या असा आदेश मिळू शकतो. निकाल बाजूने लागेल असं मी म्हणत नाही. पण "फाल्यां यो" थांबतं.

उत्तर २
परदेशात नोकरी, मूळ पेडण्याचा

काका, तुमचं सगळं खरं, पण उपयोग काय? मी दहा वर्षांपूर्वी हे सगळं केलं. माहिती अधिकार, ग्रामसभा, पत्रं. शेवटी पोर्तुगीज पासपोर्ट काढला आणि निघालो. गेल्या लोकसभेत निवडून आलेल्या ५४३ पैकी २५१ जणांवर फौजदारी खटले आहेत, हे त्यांनीच प्रतिज्ञापत्रात लिहून दिलंय. लोकांनी वाचूनच मत दिलंय. मग तक्रार कोणाकडे? सगळे सारखेच.

उत्तर ३
सत्तरी तालुक्यातली मुलगी, स्पर्धा परीक्षा देते

दुकानदार काका, तुमच्या त्या ओळखीच्या गृहस्थांना माझा निरोप द्या, बाग विकू नका.

मी वाळपईहून पहाटेची बस पकडून पणजीला वाचनालयात जाते. आमच्या गटात सात-आठ जणी आहोत. कर्मचारी निवड आयोग आल्यापासून बऱ्याच पदांची परीक्षा संगणकावर होते, गुण कळतात. हे पूर्ण स्वच्छ आहे असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही, आणि सगळी खाती त्यात आलेली नाहीत. पण आधी खात्याच्या दारात यादी लागायची आणि त्या मंत्र्याच्याच मतदारसंघातली नावं वाचायला मिळायची. २०२१ च्या शेवटी बांधकाम खात्याच्या भरतीत ७० कोटींचा घोटाळा झाला असा आरोप सत्ताधारी पक्षाच्याच आमदाराने केला होता. मंत्र्यांनी तो फेटाळला, पुढे भरती रोखली गेली. माझा चुलत भाऊ त्या परीक्षेला बसला होता. त्याने पैसे दिले नव्हते, अभ्यास केला होता. त्याच्या वर्षाचं काय झालं हे कोणी विचारलं नाही. आरोप करणारे आणि ज्यांच्यावर आरोप झाले ते दोघेही राजकारणातच राहिले, भाऊ मात्र वयोमर्यादेबाहेर गेला.

माझ्या मैत्रिणीने २०२४ ला वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा दिली. पेपर फुटला, देशभर गोंधळ झाला, जूनमध्ये सरकारने पेपरफुटीविरोधी कायदा घाईने लागू केला. ती म्हणाली, कायदा आधी असता तर मी रडले नसते. तिचं चुकीचं आहे, कायदा असूनही फुटलाच असता. पण तिचा राग मला कळतो. पैसे देणाऱ्या प्रत्येक घरामागे आमच्यासारखी एक मुलगी असते, जिच्या जागी ती जागा जाते. तुमच्या ओळखीच्या मुलीला एवढंच विचारा की तिला हे माहीत आहे का. ती हुशार आहे म्हणता, मग तिला आमच्याकडे पाठवा. नोट्स देऊ, गणित मी शिकवते.

उत्तर ४
निवृत्त लेखाधिकारी, फोंडा

मी तीस वर्षांहून जास्त काळ सरकारी लेखाशाखेत काढली. वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी पैशाचा रस्ता सांगतो.

विधानसभेच्या उमेदवाराला आपल्याकडे खर्चाची मर्यादा २८ लाख आहे. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. ज्या मतदारसंघात साधारण तीस हजार मतदार आहेत, तिथे निवडणुकीच्या आधीच्या आठवड्यात काय चालतं ते तुम्ही पाहिलं आहे. तो पैसा कोणीतरी गुंतवलेला असतो, आणि गुंतवलेला पैसा परत यावाच लागतो. परत येण्याचे रस्ते आपल्याकडे ठरलेले आहेत: नोकऱ्या, जमिनीचं रूपांतर, परवाने, कंत्राटं. गोव्यात कारखाने थोडे, जमीन थोडी आणि तिला दिल्ली-मुंबईहून गिऱ्हाईक मोठं. म्हणून इथे एका सहीची किंमत इतर राज्यांपेक्षा चढी असते.

फाइलवर हे कधीच दिसत नाही. मी पाहिलेल्या फाइलींची टिपणं उत्तम इंग्रजीत असत. काम निकडीचं आहे, म्हणून निविदेतून सूट द्यावी, असं खालचा लिहितो, कारण वरून फोन आलेला असतो. फोनची नोंद होत नाही, टिपणावर सही मात्र खालच्याचीच असते. ज्याने "निकड कशी ते स्पष्ट करावे" असं लिहिलं, त्याची बदली होते, तीही प्रशासकीय कारणास्तव. कला अकादमीचं तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. नूतनीकरणाचं कोट्यवधींचं काम निविदेशिवाय दिलं, विधानसभेत प्रश्न आला तेव्हा मंत्र्यांनी शहाजहानच्या ताजमहालाचा दाखला दिला, आणि जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं. त्या रंगमंचावर माझ्या बायकोने नाट्यस्पर्धेत काम केलं होतं. ती बातमी ऐकून आमच्या घरात कोणी बोललं नाही.

लाच दिल्याचं बाहेर कळतं ते कसं, तेही ऐका. गोव्याच्या जपानी कर्जाच्या पाणी-मलनिस्सारण प्रकल्पातली लाच आपल्या कुठल्या दक्षता खात्याने शोधली नाही. जुलै २०१५ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने जाहीर केलं की लुई बर्जर कंपनीने भारत धरून चार देशांत ३९ लाख डॉलर लाच दिल्याचं कबूल केलं आहे. आपल्या तिजोरीतली चोरी आपल्याला न्यू जर्सीहून कळली.

आणि लोकायुक्त. न्या. पी. के. मिश्रा २०१६ ते २०२० या पदावर होते. त्यांनी २१ अहवाल सरकारकडे पाठवले, एकावरही कारवाई झाली नाही. जाताना ते स्पष्ट बोलले की हे पदच बंद करून टाका. आपल्या लोकायुक्ताला स्वतः खटला भरायचा अधिकार नाही, तो फक्त शिफारस करतो. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०२१ मध्ये, विधानसभेने कायद्यात दुरुस्त्या केल्या. मला अपेक्षा होती की अधिकार वाढतील. त्या वाचून मी चष्मा काढून ठेवला.

पेडणेकरांनी "सगळे सारखेच" म्हटलं आहे. मी तीस वर्षं आत होतो, सगळे सारखे नव्हते. माझ्या शाखेत एक हेड क्लार्क होते, त्यांनी खोट्या बिलावर सही केली नाही आणि बढतीशिवाय निवृत्त झाले. अशा माणसाला "सगळे सारखेच" म्हणणं हा त्याच्यावरचा दुसरा अन्याय आहे.

कचेरीसमोरचा दुकानदार

वकीलसाहेब, लेखाधिकारीसाहेब, बाय, तिघांचे आभार. सगळं छापून काढलं.

आधी पेडणेकर भाऊंना. तुम्ही गेलात त्याचा मला राग नाही. पासपोर्टचे कागद कितीजणांचे मीच जुळवून दिलेत. पण "लोकांनी वाचूनच मत दिलंय" हे मला मान्य नाही. माझ्याकडे येणाऱ्या माणसाला आमदाराने घराचा नंबर, वीजजोडणी, मुलाची रोजंदारीची नोकरी, आजाऱ्याला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात खाट, यांतलं काहीतरी दिलेलं असतं. हे सगळं त्याच्या हक्काचं आहे, पण त्याला ते उपकार म्हणून मिळालं आहे. "पात्रांवाक मेळ" (पात्रांवाला, म्हणजे धन्याला, भेट) असं म्हणायला त्याला लहानपणापासून शिकवलं आहे. कचेरीचं काम कचेरीत झालं असतं तर त्याला पात्रांवाकडे जावं लागलं नसतं, आणि मग त्याने मोकळेपणाने मत दिलं असतं. आमच्या बाईंची तारीख लांबते तेव्हा कोणाचीतरी मतं पक्की होत असतात. दिल्लीतल्या माणसाला इथली दोन खासदारांची जागा नगण्य असेल, पण तो ज्या पैशावर आणि ज्या लाचारीवर उभा आहे, ती माझ्या बाकावर तयार होते. म्हणून मला कचेरीतल्या फाइलीबद्दल बोलायचं आहे.

हडफड्याचं सांगतो. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री तिथल्या नाइटक्लबला आग लागून २५ माणसं गेली. बहुतेक तिथे काम करणारे, झारखंड, उत्तराखंड, आसाम, नेपाळकडचे. बांधकाम पाडायची नोटीस पंचायतीने काढली होती, तिला वरून स्थगिती मिळाली होती. म्हणजे कागद होता. कोणीतरी आपलं काम केलं होतं, आणि दुसऱ्या कोणीतरी एका सहीने ते थांबवलं. मालक रातोरात थायलंडला पळाले, त्यांना परत आणलं, अधिकारी निलंबित झाले, हे सगळं माणसं गेल्यावर. स्थगितीचा तो कागद आधीच ग्रामसभेत कोणी वाचून दाखवला असता तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

ग्रामसभांनी पूर्वी केलं आहे. २००७ च्या सुरुवातीला प्रादेशिक आराखडा २०११ रद्द करावा लागला, त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्रं) रद्द झाल्याची घोषणा झाली. कुठल्या पक्षाने मेहेरबानी केली नव्हती, रविवारच्या सभांना लोक भरभरून येत होते. हल्ली आमच्या सभेला सभागृहात खुर्च्या उरतात.

बाईंना काल बसवून सगळं सांगितलं. सरकारी खर्चाने वकील मिळतो यावर त्यांचा विश्वास बसेना. अर्ज टाइप केला, सही मराठीत केली, अंगठा नको म्हणाल्या. सोमवारी तो विधी सेवा समितीकडे जाईल. आकडा सांगणाऱ्या माणसाने दुकानात येऊन विचारलं, कसला अर्ज? मी सांगितलं, रोजनाम्याचा. तो गेला.

मुलीच्या वडिलांचं जमलेलं नाही. कलम दाखवलं, सात वर्षं दाखवली. गप्प बसले. मुलगी मात्र आली होती, सत्तरीच्या बायचा निरोप तिने दोनदा वाचला आणि वाळपईचा फोन नंबर मागितला. बाय, इथे जाहीर देऊ नकोस, मला निरोपात पाठव.

वकीलसाहेब, एक राहिलं. माहिती अधिकाराने बाईंच्या फाइलीची पाहणी मागता येईल का? आणि नोव्हेंबरपासून "वैयक्तिक माहिती" म्हणून बऱ्याच अर्जांना नकार येतोय असं दुकानात कानावर येतं.

उत्तर ५
वकील, पणजी

येईल. गोव्यात माहिती अधिकाराचा कायदा १९९७ पासून होता, देशाच्या कायद्याच्या आठ वर्षं आधी, त्यामुळे आपल्या कचेऱ्यांना नवीन म्हणायला जागा नाही. अर्जात "माहिती द्या" एवढंच लिहू नका. अर्ज कुठल्या तारखेपासून कुठल्या पदावरच्या अधिकाऱ्याकडे होता ते तारीखवार मागा आणि फाइलीची प्रत्यक्ष पाहणी मागा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. नाही मिळालं तर पहिलं अपील त्याच कचेरीच्या वरिष्ठांकडे, मग माहिती आयोग. अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंड होऊ शकतो, आणि तो त्याच्या खिशातून जातो.

वैयक्तिक माहितीचं तुम्ही बरोबर ऐकलं. डेटा संरक्षण कायद्यामुळे कलम ८(१)(जे) बदललं, नोव्हेंबर २०२५ पासून ते लागू झालं. पूर्वी त्या कलमातच जनहिताची कसोटी होती, ती गेली. पण कलम ८(२) शिल्लक आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. नकार आला तर अपिलात तेच कलम लिहा. बाईंच्या बाबतीत हा अडथळा येऊच नये, फाइल त्यांची स्वतःची आहे. अर्ज बाईंच्या नावानेच करा, तुमच्या नको. आणि पोचपावतीवर शिक्का व तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.